भूषण पुण्याले जाई ऱ्हायना

मी नंदुरबारला फिरायला गेले नव्हते, माणूस परत आणायला गेले होते. हे आधीच सांगते, म्हणजे तोरणमाळच्या तलावाचं वर्णन मिळेल या आशेने कुणी वाचायला बसलं असेल तर त्याने वेळीच उठावं. तोरणमाळ मी पाहिलं नाही. एक गाव पाहिलं, एक दुकान पाहिलं आणि एक अर्धं छप्पर पाहिलं. जिल्ह्यावर अन्याय होत असेल तर जिल्ह्याने माफ करावं.

माणसाचं नाव भूषण. आम्ही पुण्यात कापडदुकानांमधल्या नोकरांसाठी काम करतो. शटर वर जाण्याआधी हजर असणारी आणि शेवटच्या साडीची घडी घालून मगच घरी जाणारी ही माणसं. आठवड्याची सुट्टी त्यांना कायद्याने आहे आणि मालकाच्या मर्जीने नाही. 'आठवड्यातला एक दिवस माझा' हे आमचं पत्रक तुम्ही कधीतरी हातात घेतलं असेल आणि पुढच्या कोपऱ्यावर टाकलं असेल. ते मी लिहिलंय. टाकलंत त्याचा जाहीर निषेध.

ऑफिसात आम्ही तिघं. विनयदादा प्रमुख, मी पत्रकं लिहिते आणि भूषण बोलतो. ज्या दुकानदाराने मला "मॅडम, पायरीवरून खाली उतरा" असं सांगितलेलं असतं तोच दुकानदार भूषणला आत बसवून चहा पाजतो. मार्चमध्ये आमचा जथा निघायचा होता, दुकान ते दुकान, आणि भूषणशिवाय जथा म्हणजे नवरदेव नसलेली वरात.

तर हा भूषण डिसेंबरात चुलतबहिणीच्या लग्नाला म्हणून नंदुरबारजवळच्या आपल्या गावी, रनाळ्याला गेला तो गेलाच. जानेवारी संपला. फोन लावला की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. शेवटी एक मेसेज आला: 'थोडं आयुष्य नीट लावतोय. कळवतो.'

आयुष्य नीट लावतोय! आयुष्य म्हणजे काय कपाट आहे? माझं डोकंच फिरलं, कारण ही भाषा मी ओळखते. मोठ्या हॉटेलातल्या गालिच्यावर बसवून कंपन्यांच्या साहेबलोकांना शिकवतात ती. कागदावर एक गोल काढा. त्याचे तुकडे पाडा. एक कुटुंबाचा, एक तब्येतीचा, एक छंदाचा. आता डोळे मिटा आणि तुमची मूल्यं कोणती ते शोधा. अरे, दिवसभर उभं राहून ज्या पोरीचे पाय सुजलेत तिने कुठला गोल काढायचा? तिला बसायला स्टूल द्या आधी! आणि आमचा भूषण, आमचा, हे असलं बोलायला लागला?

"जा आणि घेऊन ये त्याला," विनयदादा म्हणाला. रविवारी रात्री मी बसमध्ये बसले. सोबत पत्रकांचा एक गठ्ठा घेतला. सवय.

सोमवार, रनाळे

नंदुरबार दिसण्याआधीच मला शिंका सुरू झाल्या. शहराबाहेर मैदानंच्या मैदानं लाल. मिरची वाळत घातलेली, मध्येच बायका फडक्याने नाकतोंड बांधून बसलेल्या. इथे याला मिरचीची पथारी म्हणतात. सांगलीत आमच्याकडे हळद असते, ती बिचारी नुसती पिवळं करून सोडते. ही मिरची बसच्या काचा लावल्या तरी आत येते. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "नवीन शेतस का?" मी मान हलवली आणि पुन्हा शिंकले. त्यांना उत्तर मिळालं.

विनयदादाने कुणाकरवी तरी निरोप पोचवला होता, म्हणून स्टँडवर भूषणचे वडील मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलत होते, एकेक शब्द निवडून: "आपला प्रवास सुखाचा झाला ना?" घरात पाऊल टाकलं की मात्र त्यांची अहिराणी सुरू. भूषण पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसला, पण त्याच्या तोंडून अहिराणी मी कधी ऐकली नव्हती. आता घरभर ती ऐकू येत होती आणि मला वाटत होतं, आपल्याला जवळजवळ सगळं कळतंय. या 'जवळजवळ'ने पुढे घात केला.

घर सिमेंटचं, नीटनेटकं. एका खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला, त्यामुळे पाहुणी म्हणून मला त्या खोलीच्या दारातच खाट मिळाली. कापसावर एक मांजर सम्राटासारखं झोपलं होतं. भूषणची आई, त्याची माय, चुलीपाशी होती. मी तिला काकू म्हणायला लागले आणि ती मला बेटा.

"भूषण कुठाय?" मी चप्पल काढता काढता विचारलं.

"खापरले गयेल शे. त्याना दोस्त घर बांधस. गुरुवारपावत यी," काकू म्हणाली. "तू बठ. जेव आधी."

जेवण सांगायलाच हवं. आमच्याकडे भरीत म्हणजे दह्यात घातलेलं वांगं, गुळगुळीत, सभ्य. इथलं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात कुटतात, वर कांद्याची पात आणि हिरवी मिरची, आणि शेंगदाण्याचं तेल असं सोडतात की बोटांच्या फटीतून ओघळ मनगटापर्यंत. सोबत कळण्याची भाकरी, उडीद-ज्वारीची, जाड आणि खरपूस. मी तीन खाल्ल्या. चौथी नको म्हटल्यावर काकूने ती माझ्या ताटात टाकली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. कुणीतरी नातेवाईक असावेत. आबा ओसरीवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "हा हा, बराबर ऐकं तुम्ही. भूषण पुण्याले जाई ऱ्हायना."

माझा घास हातात राहिला. जाईना, राहीना. सरळ आहे. जात नाही म्हणतोय. ठरलंसुद्धा, नातेवाइकांत जाहीरसुद्धा झालं! मी काकूकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती.

"काकू," मी म्हटलं, "रडू नका. मी आलेय ना. मी त्याला नेतेच."

काकूने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. "बेटा, तो जाई ऱ्हायना ना," ती हळूच म्हणाली.

"हो ना! तेच तर. तुम्ही काळजी करू नका. मी काही त्याला इथं राहू देत नाही."

काकू उठली, आणि माझ्या ताटात पाचवी भाकरी वाढून आत निघून गेली. मला वाटलं, केवढा आधार वाटला असेल बाईला.

गुरुवारपर्यंत हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. "उद्या मीच खापरला जाते," मी आबांना सांगितलं. रात्रभर कापसाच्या वासात पडून मी भाषण रचत होते. मांजर ऐकत होतं.

मंगळवार, खापर

एसटीने तापी ओलांडली, मग तळोदा, मग अक्कलकुवा. पपईच्या बागा, उसाच्या ट्रॉल्या, आणि समोर सातपुडा हळूहळू मोठा होत येतो. खापर हे गुजरातच्या हद्दीजवळचं बाजाराचं गाव. डोंगरातली माणसं खरेदीला इथे उतरतात. भूषण सापडायला अजिबात त्रास झाला नाही. तो सुगनशेठच्या दुकानात खिळ्यांच्या पोत्यावर बसून चहा पीत होता. दुकानदारांच्या पोत्यांवर तो पहिल्यापासूनच छान बसतो.

दोन महिन्यांत तो काळा झाला होता आणि, मला हे आवडलं नाही, ताजातवाना दिसत होता.

"अरे ऋतुजा! तू इथे?"

"घ्यायला आलेय."

"घ्यायला? पण..."

"आत्ता बोलू नकोस. मला सगळं कळलंय. आधी मी बोलणार."

सुगनशेठ राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, जैन. किराणा, खिळे, दोरखंड, कौलं, सगळं एकाच छपराखाली. "भूषणच्या ऑफिसची बेन? बैठो, बैठो," म्हणून त्यांनी माझ्यासाठी दुसरं पोतं पुढे ओढलं. पण समोर दुकान असताना मी गप्प कशी बसणार? मापं देणाऱ्या माणसाला मी तिथल्या तिथे विचारलं, "आठवड्याची सुट्टी मिळते का?"

"बाजारना दुसऱ्या दिवशी."

"पगारी?"

"हा."

"लेखी आहे का?"

त्याने शेठकडे पाहिलं, शेठने भूषणकडे. "लेखी म्हणजे?"

"लेखी नसलेली सुट्टी ही सुट्टी नसते, मेहेरबानी असते!" मी एक पत्रक शेठच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पुण्यात आजवर एकाही मालकाने वाचलं नव्हतं. मग घडी घालून खिशात ठेवलं. "लिहून देतो बेन, त्यात काय. पण आधी जेवू. सूरज चालला."

आणि सूर्य अजून झाडांच्या वर असताना या माणसाने दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या! काउंटरपुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाला दोरी दिली, दुसऱ्याला म्हणाले, "सकाळी ये रे भाऊ." तो भाऊ काही न बोलता गेला. दिवस मावळल्यावर शेठ खात नाहीत, म्हणून दिवस मावळण्याआधी दुकान बंद, हे त्या भाऊला लहानपणापासून माहीत होतं. मला धक्काच बसला. ज्यासाठी आम्ही पुण्यात निवेदनं देऊन थकलो ते इथे वरण-फुलक्याच्या वेळेवर होत होतं. शेठ संतबिंत नव्हते, गैरसमज नको. दुकानामागेच घर होतं, तिथे जेवतानासुद्धा त्यांचा हात सारखा फोनकडे, सुरतेचे भाव बघायला. शेवटी त्यांच्या बायकोने, भाभींनी, फोन उचलून माठाच्या मागे ठेवून दिला.

पापडाची भाजी होती, गट्ट्यांचं काहीतरी झकास होतं, कांदा-लसणाचा पत्ता नव्हता आणि तरी मी बोटं चाटत होते. पण मी कामाला आले होते. पहिला फुलका संपला आणि मी भाषण सुरू केलं.

मी भूषणला सांगितलं की आयुष्य नीट लावण्याची ही चैन आपल्यासारख्यांना नाही. सांगितलं की तू नाहीस म्हणून आम्ही थांबलो नाही. विनयदादाला ताप होता तरी तो सलाइन काढून मोर्चात आला. मी दिवाळीपासून सांगलीला गेलेले नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बॅनर रंगवत होते, व्हिडिओ कॉलवर हजर होते, ब्रश हातात. मी ऑफिसातच झोपते, गठ्ठ्यांवर. शेवटचा अख्खा दिवस रिकामा कधी मिळाला होता ते मला आठवतसुद्धा नाही! (हे मी छाती पुढे काढून म्हटलं.) आम्ही असे लढतोय, आणि तू इथे पोत्यावर बसून चहा पितोस?

मी थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, परिणाम झाला.

भाभींनी हळूच विचारलं, "बेटी, तुमची ही लढाई आहे कशासाठी?"

"आठवड्याच्या सुट्टीसाठी," मी म्हटलं.

भाभींनी तोंडाला पदर लावला. शेठ ताटात बघायला लागले. मग भाभींच्या पदराआडून जो आवाज आला तो दाबलेल्या हसण्याचा होता, आणि तो दाबला गेला नाही.

"झालं?" भूषणने विचारलं.

"झालं. आता तू बोल."

"मी येणारच होतो."

"काय?"

"बॅग भरून ठेवलीय घरी. मायला आणि आबांना सांगून झालंय. दोस्ताचं छप्पर झालं की निघणार होतो."

"होतो म्हणजे?"

"म्हणजे आता विचार करावा लागेल. इथे राहून मला तिथलं सगळं चांगलंच आठवायला लागलं होतं. तू बरं केलंस, खरं काय ते सांगितलंस."

माझ्या हातातला फुलका पडला. "पण आबा तर फोनवर म्हणाले की तू जात नाहीस!"

"काय म्हणाले? नीट आठव."

"'भूषण पुण्याले जाई ऱ्हायना.'"

भूषण पाणी पीत होता. ते त्याच्या नाकातून आलं. शेठ मांडीवर थाप मारून हसले, आणि खोकत खोकत भूषणनेच मग मला सांगितलं: जाई ऱ्हायना म्हणजे जातोय. निघालाय. जेवी ऱ्हायना म्हणजे जेवतोय, हासी ऱ्हायना म्हणजे हसतोय. आमच्या सांगलीत ऐकेना, जाईना, राहीना, सगळे हट्टी नकार. इथे तेच शब्द म्हणजे काम चालू आहे.

मी तीनशे मैल येऊन, निघालेल्या माणसाला भाषण करून थांबवलं होतं.

बुधवार, डोंगरात

"उत्तर उद्या देतो," भूषण रात्री म्हणाला होता. "उद्या डोंगरात लाह आहे. तू पण चल."

जीपने मोलगीच्या रस्त्याने वर गेलो. जीपमध्ये माणसं आत होती, मागे होती, टपावर होती, आणि माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती. तिने माझी ओढणी खाल्ली. दऱ्या अशा की बघायला मान बाहेर काढावी आणि काढल्यावर वाटावं की नको होती काढायला.

भूषणचा शाळेतला दोस्त रवि इथे नवीन घर बांधत होता. सागाचे खांब उभे, कुडाच्या भिंती विणलेल्या, छपरावर निम्मी कौलं चढलेली. उरलेल्या निम्म्यांसाठी पाड्यातली माणसं जमली होती. हीच लाह. ज्याचं काम असेल त्याच्याकडे सगळ्यांनी यायचं, मजुरी कुणी घ्यायची नाही, घरच्यांनी जेवण घालायचं. पुढे कुणाचं शेत निंदायचं असेल तेव्हा रवि जाणार.

"मजुरी नाही?" मी भूषणला बाजूला घेतलं. "विनामोबदला श्रम! हे शोषण आहे."

"कुणी कुणाचं केलं?"

मी बघितलं. मालक शोधायला लागले. रवि स्वतः सगळ्यात अवघड टोकावर चढला होता. मला मालक सापडेना. (हे मराठी सापडेना आहे. खरंच सापडला नाही.)

मग मलाही रांगेत उभं केलं. ढिगापासून शिडीपर्यंत माणसांची साखळी, कौल या हातातून त्या हातात. आपसात त्यांची भिली बोली चाललेली. मला एक शब्द कळत नव्हता, पण कौल समोर आलं की काय करायचं ते कळत होतं. एक कौल मी फोडलं. साखळीतून हसू वरपर्यंत गेलं आणि छपरावरून रविने काहीतरी ओरडून सांगितलं. "तो म्हणतो, ताईंचं कौल इथेच भिंतीत लावतो, आठवण म्हणून," शेजारचा म्हणाला.

पाणी प्यायला गेले तेव्हा मला मालक सापडला. निदान राबणाऱ्या तरी सापडल्या. मांडवाच्या मागे चार चुली पेटलेल्या, आणि रविची बायको जमना आणि तीन-चार जणी सकाळपासून भाकऱ्या थापत होत्या. धुराने डोळे लाल.

"तुम्हाला लाह कोण लावतं?" मी विचारलं.

जमना आश्रमशाळेत शिकलेली. मराठी स्वच्छ बोलते. "आमची लाह चुलीपुढेच, ताई. छप्पर एक दिवसात होतं. चूल रोज असते."

"हे चालणार नाही!"

"मग बोला ना. जोरात बोला, वर ऐकू जाऊ दे."

अशी विनंती मला आयुष्यात कुणी केली नव्हती. मी ओट्यावर चढले आणि बोलले. भाषांतर जमनाने केलं, आणि मला दाट संशय आहे की तिने माझ्यापेक्षा बरंच जास्त सांगितलं, कारण बायका टाळ्या वाजवायला लागल्या आणि पुरुष खाली बघायला लागले. शेवटी भूषण शिडीवरून उतरला, हात धुतले आणि चुलीपुढे बसला. त्याच्या मागून आणखी दोघं आले. भूषणच्या पहिल्या भाकरीचा आकार गुजरातच्या नकाशासारखा होता. जमनाने ती सगळ्यांना दाखवत फिरवली.

जेवण झालं. डाळ, मक्याची भाकरी, लाल तिखट. मी आणि भूषण मोहाच्या झाडाखाली बसलो.

"काढलास का गोल?" मी विचारलं. "आयुष्याचा?"

"काढला की," तो शांतपणे म्हणाला. "आबांच्या औषधफवारणीच्या पंपाच्या खोक्यावर."

"भूषण!"

"ऐक तरी. आपलं काम लिहिलं. घर लिहिलं. रविसारखी माणसं लिहिली. हे तिन्ही मला सोडायचे नाहीत, हे लिहायला वेळ लागला नाही. एक तुकडा उरला, त्याला नावच सुचेना. आठ दिवस विचार केला. मग तो मोकळा ठेवला."

"मोकळ्या तुकड्यात करणार काय?"

"काय माहीत. मोकळा आहे तो." त्याने छपराकडे बोट दाखवलं. "हे बघ, आज पाडा इथे आहे. उद्या सगळे आपापल्या घरी. लाहमध्ये कुणी आपले सगळे दिवस देत नाही. दिले तर पुढच्या वेळी कोण येईल? आणि आपण तिघं? आपल्या जथ्यात नवीन पोरं का टिकत नाहीत, कधी विचार केलायस? ती आपली दमलेली तोंडं बघतात."

मला राग आला. राग आला की मला शब्द सुचतात, हा माझा धंदाच आहे. पण या वेळी राग भूषणवर येईना. तो वळला, आणि पुण्यातल्या आमच्या जिन्याखालच्या ऑफिसवर, गठ्ठ्यांवर, सलाइनवर जाऊन आदळला.

"तुझी अट काय?" मी विचारलं.

"गुरुवारी ऑफिसला कुलूप. तिघांचे फोन बंद. आणि महिन्यातून एकदा मी घरी येणार."

"जथ्याच्या तोंडावर?"

"जथा कशासाठी आहे?"

मी उभी राहिले आणि तिथल्या तिथे पत्रक सुरू केलं: "एका कार्यालयात तीन कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे सुट्टीविना राबवून घेतले जात आहे! हा कायद्याचा सरळसरळ भंग असून..."

भांडी गोळा करणारी जमना थांबली. "फार वाईट आहे हे. मालक कोण तिथला?"

"मालक..." मी म्हटलं. "आम्हीच."

जमना हसत हसत भांड्यांसकट खाली बसली. "मग घ्या की सुट्टी! अडवतंय कोण?"

मी भूषणकडे हात पुढे केला. "गुरुवार मंजूर. विनयदादाला मी सांगते." संध्याकाळी शेवटचं कौल चढलं आणि माणसं पांगली. कुणी निरोपाचं भाषण केलं नाही. काम संपलं होतं, ती गेली.

गुरुवार, पुन्हा रनाळे आणि नंदुरबार

रनाळ्याला पोचलो तेव्हा काकू ओट्यावर बसली होती. भूषणने वाटेतच फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि आबांनी तोवर ते अर्ध्या गावाला. मी मान खाली घालून आत गेले. एव्हाना मला कळलं होतं त्या दिवशी काकू का रडत होती.

"मी रडी ऱ्हायनू," काकू शेजारणीला सांगत होती, "पोऱ्या जाई ऱ्हायना म्हणीसन! नि हाई पोर मन्हाच घरनी भाकर खाईसन माले म्हणस, रडू नका, मी त्याले नेतेच!" शेजारीण हसून हसून खांबाला टेकली. "मी म्हणनू, हाई पोर शे का फौजदार?"

"म्हणून पाचवी भाकरी वाढलीत?" मी विचारलं.

"तोंड बंद व्हई म्हणीसन!"

मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या ओढणीचं कोंबडीने खाल्लेलं टोक चाचपून बघितलं. "महिनामा एक डाव तो यी, बराबर ना?"

"बरोबर. माझा शब्द."

"नि तू तुन्ही मायकडे कधी जाई ऱ्हायनी?"

हे मला ताबडतोब कळलं. "पुढच्या गुरुवारी," मी म्हटलं. नंतर लक्षात आलं की माझ्या मोकळ्या तुकड्यात पहिली गोष्ट जाऊन बसलीसुद्धा. तिने मान हलवली आणि भाकऱ्या बांधायला आत गेली.

संध्याकाळी आबांनी आम्हाला नंदुरबारच्या स्टँडवर सोडलं. मिरचीने मला निरोपाच्या शिंका दिल्या. भूषण खिडकीशी, त्याच्या मांडीवर बॅग, बॅगेवर भाकऱ्यांचं गाठोडं. मी पुढच्या सीटवर, तिथली खिडकी माझी. एवढ्यात माझा फोन वाजला. विनयदादा.

"काय झालं? चार दिवस पत्ता नाही तुझा! भूषण येतोय की नाही?"

चार दिवस कानावर तेच होतं. तोंडातून आपसूक निघालं, "यी ऱ्हायना, दादा."

"येईना?" पलीकडे टेबलावर काहीतरी आपटलं. "येईना म्हणजे काय? अगं मग तू तिथं केलंस काय? जथ्याचं कसं होणार? ऐक, तू आत्ताच्या आत्ता..."

मी मागे बघितलं. भूषणने गाठोड्यात तोंड खुपसलं होतं, त्याचे खांदे हलत होते. समजावून सांगायला मी तोंड उघडलं, आणि आठवलं.

"दादा, आज गुरुवार."

"मग?"

"शुक्रवारी बोलू." आणि मी फोन बंद केला. आवाज बंद नाही, अख्खा बंद. काळा पडदा झाला, त्यात माझंच तोंड दिसलं. बरं दिसत होतं.

इंजिन सुरू झालं. मी खिडकीतून कोपर बाहेर काढून आबांना हात करत होते. आबा बसबरोबर चार पावलं चालले आणि एकदम ओरडले, "गाडी निंघी ऱ्हायनी! हात मझार ले, बेटा!"

मी पहिल्या झटक्यात हात आत घेतला.